वेशीवरचा फ्लेक्स

हॉलंड
१८ सप्टेंबर २०२२

ती. ताईस,

आदेशचा नमस्कार. दाजींना आणि तुझ्या सासूबाईंनाही सांग.

तू बजावलंस म्हणून कागद-पेन घेऊन बसलोय. कॉलेज सुटल्यापासून एवढं मराठी हाताने लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. पण तुझं म्हणणं खरं आहे. व्हिडिओ कॉल लावला की आधी तुझ्या सासूबाईंचं कपाळ दिसतं, मग शेजारच्या भागूचा कान, आणि तू कुठेतरी मागे उभी राहून "जेवलास का" एवढंच विचारतेस. मनातलं बोलायचं तर पत्रच बरं.

तर ऐक. नारायणगावच्या मार्केटला टोमॅटोचे क्रेट उतरवत मोठा झालेला तुझा भाऊ सात समुद्र ओलांडून आला आणि इथेही टोमॅटोच तोडतोय. आपल्याकडच्या पॉलिहाऊसला प्लास्टिक, यांच्याकडे काच. आत शिरलं की टोक दिसत नाही. वेल छतापासून दोरीने टांगलेले, मुळं मातीत नाहीतच. परागीकरणाला खोक्यात भुंगे आणून सोडतात. मी दिवसभर ट्रॉलीवर उभा राहून खालची पानं काढतो आणि दोरी सैल करून वाढलेला वेल खाली उतरवतो. मुकादम पोलंडची एक बाई आहे. कमी बोलते, पण काम चांगलं झालं की मान डोलावते. आमच्या खोलीत मी आणि दोन रोमानियन पोरं. त्यांना मी मासवडी करून घातली, तर एकाच्या डोळ्यांतून पाणी, आणि तरी ताट चाटूनपुसून साफ.

सायकल घेतली. जुनीच आहे, पण शर्यतीची. इथे नगराध्यक्षसुद्धा सायकलनेच ऑफिसला जातो, त्यामुळे सायकलवाला म्हणून आपलं कौतुक शून्य. आणि घाट म्हणशील तर नाव नको. देश पोळीसारखा सपाट. पहाटे राजुरीतून निघून भीमाशंकर चढणारा मी, इथे चढ शोधत फिरतो तर कालव्यावरचा पूल सापडतो.

आबा काही म्हणतात का माझ्याबद्दल? मी निघालो त्या दिवशी ते गोठ्यात पाखरी घोडीला खरारा करत बसले होते. मी पाया पडलो तरी हात थांबला नाही. फोनवर तर येतच नाहीत. ते बोलले नाहीत तर मी इथे कितीही वेल उतरवले तरी मन तिकडेच राहतं. तू काय ते खरं खरं कळव.

तुझा,
आदेश


वारूळवाडी
९ ऑक्टोबर २०२२

चि. आदेश,

आशीर्वाद. तुझं पत्र पोस्टमनने नेमकं सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी उन्हाला धरून पाहिलं, हुंगून पाहिलं आणि मग मलाच म्हणाल्या, "परदेसातनं आलंय, उघडू का गं?" म्हटलं, माझं नाव आहे वर, मीच उघडते. तेव्हापासून जरा फुगल्या आहेत. फुगू देत, उतरतील.

दसऱ्याला माहेरी, राजुरीच्या वाडीवर जाऊन आले. आबांनी पाखरीला न्हाऊ घातलं, कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूची माळ, पाठीवर नवी झूल. आई गेल्यापासून त्या घरात एवढे लाड दुसऱ्या कुणाचे झालेले नाहीत, आपल्या दोघांचेसुद्धा. मी मुद्दाम तुझा विषय काढला. म्हटलं, आदेशला काही निरोप? घोडीचा खूर बघत म्हणाले, "त्याला म्हनावं, पाखरी खाती-पिती हाय."

एवढंच. आता याचा अर्थ तू लाव. मी तरी चांगलाच लावते.

राग आहे रे, नाही म्हणत नाही. तुला घोडीवर बसवायचं त्यांच्या फार मनात होतं. त्यांच्या बापाने बैलगाड्यापुढे घोडी पळवली, त्यांनी पळवली, आणि तू बसलास सायकलवर. परवा दाजींना म्हणाले, "जित्तं जनावर सोडून लोखंडावर बसला, आन् ते बी लोकाच्या मुलखात." दाजी हसले, तर त्यांच्यावरच चिडले. पण एक सांगते, रागावलेला माणूस विसरलेला नसतो. बंदी उठून बैलगाडा शर्यती सुरू झाल्यापासून ते पुन्हा उमेदीत आहेत, तेव्हा काळजी करू नकोस.

तू जेवणात हयगय करू नको. बाजरीचं पीठ पाठवायचं होतं, दाजी म्हणाले पिशवीपेक्षा टपालच जड होईल.

तुझी,
उज्ज्वलाताई


हॉलंड
२० नोव्हेंबर २०२२

ती. ताईस नमस्कार.

पाखरी खाती-पिती आहे हे वाचून मी खोलीत एकटाच हसलो. नंतर बराच वेळ हसलो नाही.

इथे आता चारलाच अंधारतं. काचघरात दिवे लावून टोमॅटोला उजेड दाखवतात, आम्हाला मात्र बाहेर कुणी दाखवत नाही. पण एक चांगलं झालं. गावच्या सायकल क्लबमध्ये मला घेतलं. कुणी सुतार, कुणी मास्तर, कुणी दूधवाला. पोटासाठी सायकल चालवणारा एकही नाही, सगळे हौशी. त्यात बास नावाचा एक प्लंबर आहे. शेवटच्या टप्प्यात असा सुटतो की विचारू नकोस.

ताई, इथला घाट म्हणजे वारा. समुद्रावरून येतो आणि छातीवर हात ठेवून मागे ढकलतो. तो समोरून आला की एकाने पुढे राहायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या पाठीशी आडोशाला. माझ्या छातीत आपल्या डोंगरांचा दम आहे म्हणून क्लबने पुढची जागा मला दिलीय. नवख्याला ती लवकर मिळत नाही.

बासला मी आपल्या बैलगाड्याबद्दल सांगितलं. घाट म्हणजे चढाची धाव, बैल गाडा घेऊन सुटतात, त्यांच्यापुढे एक माणूस घोडी पळवतो आणि त्या घोडीमागे बैल जीव खाऊन धावतात. माझे वडील तो घोडीवाला. बासने विचारलं, "मग जिंकतो कोण?" म्हटलं, गाडामालक. "आणि तुझ्या वडिलांना काय मिळतं?" मी सांगितलं, फेटा मिळतो, जेवण मिळतं.

आबांना सांग, मी सायकलवर सगळ्यांच्या पुढे असतो. ऐकून निदान हं तरी म्हणतील.

आदेश


वारूळवाडी
१५ जानेवारी २०२३, संक्रांत

चि. आदेश,

तीळगूळ घे, गोड बोल. लाडू पाठवत नाही, पोचेपर्यंत त्यांचा गोफणगुंडा होईल.

तुझा निरोप पोचवला. वाडीवर पारावर चारचौघांत आबा बसले होते, तिथेच म्हटलं, "आदेश तिकडं शर्यतीत वाऱ्याला तोंड देत सगळ्यांच्या पुढं असतो." आबांनी मान वर केली. विचारलं, "कुनाच्या म्होरं?" म्हटलं, सगळ्यांच्या. ते म्हणाले, "हं." तुझा हं तुला मिळाला. पण नंतर घरी जाताना मला पुन्हा म्हणाले, "वारा लई असतो का तिकडं?" म्हणजे माणूस विचार करतोय.

एक घोळ मात्र झालाय. तिथे अमृत होता. तोच, सरपंचांचा पुतण्या, ज्याला लोकांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लावण्याखेरीज दुसरं काम नाही. तो माझ्या मागे लागलाय, आदेशभाऊचा फोटो द्या, आदेशभाऊचा नंबर द्या. नंबर दिला. आता तू आणि तो बघून घ्या.

घाईत आहे. टोमॅटोची रोपं लावायची आहेत आणि बांबू अजून आले नाहीत.

तुझी ताई


हॉलंड
७ मार्च २०२३

ती. ताईस,

परवा रविवारी मोसमातली पहिली मोठी शर्यत झाली. आजूबाजूच्या गावांचे क्लब आले होते. पाऊस, वारा, रस्त्यावर शेणाचा चिखल. म्हणजे आपल्याकडचं सगळं होतं, फक्त ऊन नव्हतं.

आता तुला खरं सांगतो, कारण तुला सांगितलं नाही तर कुणाला सांगणार. पुढे असतो म्हणजे पहिला येतो असं नाही. माझं काम बासला पोचवायचं. मी पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, बास माझ्या मागे आडोशाला, त्याच्यामागे बाकीचे. शेवटची वेस आली की मी बाजूला व्हायचं आणि तो ताज्या दमाने सुटायचा. तसंच झालं. बास पहिला आला. मी बाजूला झालो तेव्हा पायात काहीच उरलं नव्हतं. माणसं दोन्ही बाजूंनी निघून गेली. निकालात मला शोधायचं असेल तर खालून मोजायला सुरुवात कर, लवकर सापडेन.

बासने मला मिठी मारली, त्याच्या आईने सूप पाजलं. कुणी कमी लेखलं नाही. तरी रात्री वाटलं, एवढ्या लांब येऊन मी दुसऱ्याच्याच शर्यतीत पळतोय. आबांना हे कसं सांगायचं? तूच बघ. सावकाश सांग, नाहीतर सांगूच नको.

अमृतने फोटोसाठी पिच्छा पुरवला होता, त्याला एक पाठवून दिला. मी पुढे आहे आणि मान वळवून मागे पाहतोय, बाकी सगळे माझ्यामागे. सोबत तुझ्यासाठीही एक प्रत ठेवतो. चिखलात तोंड ओळखू आलं तर बघ.

आदेश


वारूळवाडी
१४ मार्च २०२३

अरे माझ्या वाघा!

तू आम्हाला कळवलंही नाहीस! आम्हाला कळलं ते वाडीच्या वेशीवरून. अमृतने कमानीएवढा फ्लेक्स लावलाय. वर लिहिलंय, "परिसराचे भूषण, आंतरराष्ट्रीय सायकलपटू आदेशभाऊ यांचा हॉलंड येथील शर्यतीत प्रथम क्रमांक आल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" मध्ये तू, सायकलवर, मागे वळून पाहतोयस की बाकीचे किती मागे राहिले. आणि खाली शुभेच्छुकांची रांग. अमृतचं डोकं तुझ्या अख्ख्या सायकलीपेक्षा मोठं आहे, पण आज त्यालाही माफ केलं.

आता खरी गोष्ट ऐक. आबा गेले होते बघायला. दाजी सोबत होते. म्हणाले, म्हातारा बराच वेळ टक लावून उभा होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी खांद्यावरच्या टॉवेलने खालची धूळ पुसून आले. रोज संध्याकाळी पाखरीला पाणी दाखवलं की पाय वेशीकडेच. अख्खी वाडी बघते आणि हसते, पण प्रेमाने हसते रे.

आणि यात्रेत सत्कार ठरलाय. घाटावर, गाडे सुटायच्या आधी, स्टेजवर. शाल, श्रीफळ, फेटा. तू नाहीस म्हणून आबांनी तुझ्या वतीने घ्यायचा. मला वाटलं नाही म्हणतील. त्यांनी हो म्हटलं! आजवर त्या स्टेजच्या खालूनच घोडी घेऊन गेलेत, वर कधी चढलेले नाहीत.

मला इतका आनंद झालाय की सासूबाईंनाही तुझी सगळी पत्रं वाचून दाखवली.

तुझी, नाक वर करून चालणारी,
ताई


हॉलंड
२६ मार्च २०२३

ताई,

तुझं पत्र काल मिळालं. माझं सात तारखेचं तुला आता मिळालंच असेल. दोन्ही वाटेत एकमेकांना ओलांडून गेली.

मी पहिला आलो नाही. हे तू आबांना सांगितलंस का?

अमृतला मेसेज केला की भाऊ, मी जिंकलेलो नाही, फ्लेक्स उतरव. त्याने आधी अंगठा पाठवला, मग जोडलेले हात, मग लिहिलं, "आदेशभाऊ, लई साधे आहात. फोटोत तर तुम्हीच पुढं आहात." याला काय सांगू? पुढे तो पहिला, एवढाच त्याचा हिशोब. त्याच्यावर रागावताही येत नाही, कारण पुढे असतो पुढे असतो हे टुमणं मीच लावलं होतं.

सत्कार थांबव. दाजींना सांगून फ्लेक्स काढून घे. कामात लक्ष नाही. परवा धडधाकट वेलाचा शेंडाच मोडला, तर मुकादमबाईने विचारलं, घरी सगळे बरे आहेत ना. मी हो म्हटलं.

आदेश


वारूळवाडी
५ एप्रिल २०२३

चि. आदेश,

तुझं सात मार्चचं पत्र वाचलं तेव्हा मी चुलीपुढे होते. भाकरी करपली. सासूबाई म्हणाल्या, "काय गं, वाईट बातमी?" म्हटलं, नाही, चांगलीच जास्त झाली.

आता सव्वीसचंही मिळालं. तुझ्यावर मी रागावलेली नाही. पण तू म्हणतोस तसं मला करवत नाही. का ते सांगते. हे तुला कळवायचं नाही असं ठरवलं होतं, पण आता सांगते.

आबा ज्यांच्या गाड्यापुढे घोडी पळवतात त्या कुंडलिकमामांनी यंदा त्यांना सांगितलं की गाड्यापुढे या वर्षी घोडी दुसरी. खोडदचा कुणी तरणा पोरगा आहे, नवी घोडी आहे, बैलांना तिचीच सवय लावलीय. आबांच्या तोंडावर गोडच बोलले. म्हणाले, "भिमा, आता तू नुसता बसून बघ." ज्या माणसाने उभ्या जन्मात शर्यत कधी बसून पाहिली नाही त्याला बसून बघ म्हणणं म्हणजे काय, ते तुला मी सांगायला नको. आबा घरी आले, पाखरीचं खोगीर काढून माळ्यावर टाकलं आणि दोन दिवस जेवले नाहीत.

त्यानंतर आठवड्यातच तुझा फ्लेक्स लागला. तेव्हापासून माणूस उठून बसलाय, दाढी करतोय, वेशीपर्यंत जातोय. आता तो फ्लेक्स मी उतरवू? आणि वाडीला सांगू की भिमाजीचा पोरगा खालून मोजावा लागतो? लोक तोंडावर काही म्हणणार नाहीत. पाठीमागे म्हणतील, घोडी गेली आणि म्हातारा थापा मारत सुटला. आधीच दुष्काळ, त्यात तेरावा महिना.

यात्रा अक्षय्यतृतीयेनंतरच्या आठवड्यात आहे. एक दिवसाचा प्रश्न आहे, आदेश. शाल पडू दे त्यांच्या खांद्यावर. नंतर उन्हाने फ्लेक्स आपोआप फिका होईल.

मी खोटं वागायला सांगतेय हे मला कळतं. तरी सांगतेय.

ताई


हॉलंड
१४ एप्रिल २०२३

ताई,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. खोगीर माळ्यावर टाकलं हे वाचून कामाला दांडी मारली, समुद्राकडे सायकल नेली आणि परतलो. बरं वाटलं नाही.

पण नाही. तू म्हणतेस तसं नको. आज ना उद्या कुणीतरी मोबाईलवर निकाल काढून बघेल. तेव्हा लोक अमृतला हसणार नाहीत, मला हसणार नाहीत. ज्याच्या खांद्यावर शाल पडली त्याला हसतील. आणि कुणी नाही शोधलं, तरी मी त्यांच्यापुढे कधी ताठ उभा राहू शकणार नाही. ते रागावले तर चालतील. माझ्यामुळे ते खोट्यात उभे राहिलेले मला चालणार नाहीत.

सोबत आबांसाठी वेगळा कागद आहे. सत्काराआधी त्यांना वाचून दाखव, ही माझी विनंती आहे. दुसरं काही नाही, एवढंच लिहिलंय:

"आबा, मी जिंकलो नाही. क्लबमधल्या दुसऱ्या एकाला जिंकवायला मी पुढे पळालो. फ्लेक्सवरचं खोटं आहे. हरल्याची लाज वाटत नाही, तुम्हाला खरं वेळेवर सांगितलं नाही याची वाटते. सत्काराला जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पाखरीला माझ्याकडून गूळ द्या."

ताई, तू हे करशील ना?

आदेश


वारूळवाडी
३० एप्रिल २०२३

चि. आदेश,

केलं. आता सगळं क्रमाने सांगते, मध्ये उडी मारून वाचू नकोस.

तुझं पत्र यात्रेच्या आदल्या दिवशी आलं. मी रात्रभर कूस बदलत होते. पहाटे दाजींना मोटारसायकल काढायला लावली आणि वाडीवर गेले. आबा धुतलेलं धोतर नेसून, फेटा समोर ठेवून ओट्यावर बसले होते. मी खाली बसले, कागद काढला आणि म्हटलं, आबा, आदेशचं पत्र आहे, आधी ऐका. पहिलंच वाक्य वाचलं, "आबा, मी जिंकलो नाही." आणि तिथेच थांबले.

आबा म्हणाले, "ठिव ते. मला ठाव हाय."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, काय ठाव हाय? ते उठले, फेटा बांधायला लागले. "चल, उशीर व्हतोय. गूळ काय त्यानं धाडलाय का आपनच द्यायचाय?" कागद न वाचता त्यांनी गुळाचं कसं ओळखलं म्हणशील, तर मी वाचताना थांबले तरी दाजी माझ्या पाठीमागून मोठ्याने वाचतच होते. त्यांना कधी कुठे थांबावं कळत नाही. पाखरीला गूळ दिला आणि आम्ही घाटावर गेलो.

गर्दी तुला सांगायला नको. भंडाऱ्याने माणसं पिवळी झालेली, गाडे रांगेत, कुंडलिकमामा नव्या घोडीपाशी. स्टेजवर अमृतने तुझा दुसरा फ्लेक्स लावला होता, पहिल्यापेक्षा मोठा. आबांचं नाव पुकारलं. ते चढले. सरपंचांनी शाल पुढे केली, तर आबांनी हात आडवा केला आणि निवेदकाकडे माईक मागितला. आबांना माईक कुठून धरायचा हेसुद्धा माहीत नाही. उलटा धरला होता, अमृतने सुलटा करून दिला.

ते काय बोलले ते मी शब्दाला शब्द लिहिते, कारण घरी आल्यावर सासूबाईंनी, दाजींनी आणि मी मिळून आठवून ठेवलंय.

"राम राम मंडळी. ह्यो फ्लेक्स खोटा हाय. माझा पोरगा पयला आला न्हाई."

निवेदकाचं तोंड उघडंच राहिलं.

"आता तुमी म्हनाल, म्हाताऱ्याला आज कळलं व्हय? न्हाई. फ्लेक्स लागला त्याच दिशी म्या वळखलं. तुमी समद्यांनी त्याचं चाक बघितलं. म्या त्याची मान बघितली. जितनारा गडी मागं बघत न्हाई, त्याला निशान दिसत असतंय. मागं बघतो त्यो घोडीवाला. बैलं येत्यात का, आपन लई म्होरं तर न्हाई ना गेलो, दोर तुटला तर न्हाई ना. माझी मान हितं ह्या घाटात तशीच वळत व्हती. पोरगं सायकलीवर बसलं तरी मान माझीच घिऊन गेलंय."

कुणीतरी मागून ओरडलं, "मंग काढाया का न्हाई सांगितला, भिमाजीबाबा?"

आबा म्हणाले, "काढवंना म्हनून. हितं गाडामालकाचा फ्लेक्स लागतो. बैलाचा लागतो. अमृतचा तर बारा महिनं लागतो. म्या तरना व्हतो तवापासून म्होरं पळालो, माझ्या आधी माझा बाप पळाला. घोडीवाल्याचा फोटू कुनी येशीवर लावला न्हाई. आमाला बी कधी वाटलं न्हाई लावावा म्हनून. पर त्या दिशी येशीवर गेलो आन् बघितलं तर घोडीवाला वर, आन् समदं गाव खाली उभं ऱ्हाऊन त्याच्याकडं बघतंय. मला लई बरं वाटलं. म्हनून रोज जात व्हतो. खोटं व्हतं ते पयला म्हनलेलं. फोटू खरा हाय. शाल द्यायची तर फोटूची द्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

आदेश, मी रडले. दाजी रडले. सासूबाई तर अशा रडल्या की भागूला वाटलं कुणी गेलं. सरपंचांनी शाल घातली. टाळ्यांत नंतरचं काही ऐकू आलं नाही.

खाली उतरल्यावर कुंडलिकमामा समोर आले. म्हणाले, "भिमा, तुला असं वाटत व्हतं हे मला कधी बोलला न्हाईस." आबा म्हणाले, "तू कधी इचारलं?" दोघे एका बाकावर बसून राहिले, आणि नव्या घोडीची बारी सुटली ती आबांनी बसून पाहिली. पोरगा चांगला आहे म्हणाले, फक्त मान उशिरा वळवतो. आता रोज संध्याकाळी त्याला शिकायला घरी बोलावलंय. खोगीर माळ्यावरून खाली आलंय.

अमृतचं राहिलंच. दुसऱ्या दिवशी शिडी लावून वेशीवर चढला, "प्रथम क्रमांक आल्याबद्दल" वर पांढरी पट्टी चिकटवली आणि त्यावर ब्रशने लिहिलं, "पुढे पळाल्याबद्दल". अक्षर तुझ्यापेक्षा वाईट आहे. स्वतःचं डोकं मात्र तेवढंच मोठं ठेवलंय.

आता शेवटचं आणि मुद्द्याचं. चौदा मेच्या रविवारी तू कॉल कर. मी फोन वाडीवर घेऊन जाणार आहे, एकटी. आबा बोलणार आहेत. काय बोलणार म्हणून मी विचारलं तर म्हणाले, मला त्याला एकच विचारायचंय. घोडीवर मागं बघायचं तर मांड्यांत जनावर धरता येतं, ते आपल्याला सांभाळून घेतं. सायकलीला तर जीव न्हाई. मग एवढ्या वाऱ्यात मान वळवताना पोरगं तोल कसा सांभाळतं?

तुझी,
उज्ज्वलाताई